पोत्यातली वीट

पोत्यातून वीट निघाली आणि सगळी शाळा माझ्या सुनेकडे बघायला लागली.

वीट चांगली होती. पक्की भाजलेली, एका कोपऱ्याला जरा उडालेली. शिपायाने ती दोन्ही हातांनी वर धरली, म्हणजे मागच्या रांगेतल्यांनाही दिसावी! मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. संस्थेचे अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. आणि मी पहिल्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं नेसून, बक्षीस घ्यायला बसलेली.

"हा कोरडा कचरा आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

 माझी नात ईश्वरी (वय सहा, आवाज साठ माणसांचा) उभी राहून ओरडली, "वीट आज्जीची हाय!"

आता कार्यक्रम काय होता ते सांगते. त्या दिवशी सगळ्या मैदानात तो माहीत नसलेली मी एकटीच होते.

शाळेत कचऱ्याची मोहीम होती. प्रत्येक पोराने आपल्या घरचा आठ दिवसांचा कोरडा कचरा पिशवीत घालून आणायचा. कागद, प्लास्टिक, पत्रा, काच, जे असेल ते. शाळा वजन करणार, मग तो वेगवेगळा करून पुन्हा वापरायला पाठवणार. ज्या घराचा कचरा सगळ्यात कमी भरेल त्या घराला 'आदर्श घर' अशी पाटी मिळणार. सगळ्यात कमी! हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

मोहीम काढली माझ्या सुनेने. मनीषा त्याच शाळेत आठ वर्षं शिकवते आणि आठ वर्षं कच्चीच आहे. मुख्याध्यापिकाबाई तिला म्हणाल्या होत्या, "एवढा कार्यक्रम नीट पार पाड. अध्यक्षसाहेब स्वतः येणार आहेत. तुझ्या कायम होण्याच्या कागदावर सही होऊन जाईल." महिनाभर ती पोरगी या कचऱ्यात बुडाली होती. भाजीला मीठ नसायचं, पण तक्ते रंगवलेले असायचे.

तिने मला सगळं समजावून सांगितलं होतं, हे मी कबूल करते. पण मनीषा काही सांगायला लागली की वर्गात शिकवल्यासारखं पहिल्या धड्यापासून सांगते, आणि मी चौथीतून शाळा सोडली ती याच कारणाने. 'वजन' आणि 'बक्षीस' एवढे दोन शब्द ऐकले आणि मेथी निवडायला उठून गेले.

माझं माहेर सोयगावकडचं, कापसाचं. लहानपणापासून वजन बघत आले. काटा खाली गेला की घरात आनंद, वर राहिला की त्या दिवशी वडलांसमोर जायचं नाही. माल कमी भरला म्हणून कोणी पेढे वाटल्याचं मी सत्तर वर्षांत पाहिलेलं नाही.

सोमवारी स्वयंपाकघराच्या दाराआड एक पिशवी लटकलेली दिसली. आत दोन बिस्किटांचे कागद आणि साबणाचं एक वेष्टन.

"हे काय गं?"

"आपला कचरा, आई. शनिवारपर्यंत याच्यात जमा करायचा."

"एवढुसा?"

"एवढुसाच!" म्हणाली आणि हसली.

मला वाटलं, पोरगी लाज झाकायला हसतेय. आणि चूक माझीच होती. आमच्या घरात कचरा होत नाही, कारण मी होऊ देत नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन त्यात मिरच्या भरते. एका बाजूने कोरा कागद असला की डब्याच्या तळाशी घालते. जुन्या लुगड्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, पायपुसण्याचं फडकं. म्हणजे शाळेत माझी नात हरणार, ती माझ्या चिकटपणामुळे! रात्रभर झोप आली नाही.

सकाळी ईश्वरीला धरलं.

"वजन कधी हाय?"

"शनिवारी."

"बक्षीस कोणाला?"

"मला!"

"मग झालं तर."

तिचीही चौकशी एवढीच होती.

मी कामाला लागले. समोरच्या शेखभाभीच्या मुलाचं मोबाइलचं दुकान. तिच्या गॅलरीत खोक्यांचा ढीग.

"क्या अम्मा, कबाडे का धंदा खोले क्या?" भाभी म्हणाली.

"नाय गं. नातीच्या शाळेत वजन हाय."

"ले जाओ, ले जाओ! घर में पाँव रखने को जगा नै."

खोकी आली. पण खोकी दिसायला मोठी आणि वजनाला फुसकी. मग कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयातून पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणल्या. त्याही फुसक्याच! काच जड असते हे डोक्यात आलं, पण काच कुठून आणायची? तर आमच्या पुंडलिकनगरात ट्रान्सफॉर्मरमागे जे लोक बसतात, ते उठून जाताना काचच ठेवून जातात. चार दिवस सकाळी तिथे हजेरी लावली. एक-दोघांनी मला काकू म्हणून नमस्कारही केला.

सगळा माल गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे लपवला. मनीषाला अचानक खूश करायचं होतं. (ते मात्र अचानकच झालं.)

शुक्रवारी पोतं भरलं, तर वरून वीतभर रिकामं. घरात हिंडले. मनीषाच्या टेबलाखाली छापलेल्या कागदांचा गठ्ठा होता. उलटून पाहिला. दोन्ही बाजूंनी छापलेला! म्हणजे डब्याच्या तळाच्याही कामाचा नाही. गेला पोत्यात.

आता आमच्याकडे कापसाची गाडी काट्यावर न्यायच्या आधी लोक त्यावर पाणी मारतात. (आमच्या घरी नाही. शेजारी.) घरात पाणी मोजकंच, नळाला आठ दिवसांनी येतं. तरी मी पिण्याच्या हंड्यातलं दोन तांबे पाणी त्या कागदांवर ओतलं. नातीसाठी माणूस काय करत नाही! आणि वीट? वीट ही माझी स्वतःची कल्पना. मधोमध बसवली, बाहेरून हाताला लागू नये म्हणून.

शनिवारी मनीषा पहाटेच शाळेत गेली. जाताना सांगून गेली, "आई, येताना ईश्वरीला आणा आणि दाराआडची पिशवी तेवढी आठवणीने घ्या."

पिशवीकडे मी पाहिलंसुद्धा नाही. रिक्षावाल्याने आणि मी मिळून पोतं चढवलं.

"आजी, काय भरलंय यात?"

"कचरा."

"टाकायचा कुठं?"

"टाकायचा नाय. शाळेत न्यायचाय. बक्षिसाला."

तो वाटभर आरशातून माझ्याकडे बघत होता.

शाळेच्या मैदानावर एकेका पोराच्या हातात चिमूटभर पिशव्या. मला त्यांची कीव आली. ताणकाट्याला पिशवी अडकवायची, शिपाई वजन सांगणार, लोक टाळ्या वाजवणार. जितकं वजन कमी तितक्या टाळ्या जास्त! मला वाटलं, काय चांगली शाळा आहे, गरिबांना धीर देतात. मीही वाजवल्या.

मग मनीषा बोलायला उभी राहिली. छान बोलली. शेवटी म्हणाली, "आणि सुरुवात आपल्या स्वतःच्या घरापासून व्हायला हवी." तेवढ्यात दोन शिपाई आमचं पोतं ओढत घेऊन आले. त्यावर मी खडूने, मोठ्या अक्षरांत, नातीचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं. आडनावासकट.

मनीषाने नाव वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून 'काळजी करू नको' असं कळवलं.

पोतं काट्याला अडकवलं. काटा तळाला गेला आणि स्प्रिंग तुटली.

"बापरे," अध्यक्ष म्हणाले, "उघडा जरा."

शिपायाने वरच्या ओल्या कागदांखाली हात घातला, वीट निघाली ती तेव्हा. पण ती पहिलीच होती हो! विटेमागून दारूच्या बाटल्या निघाल्या. अकरा. शिपायाने मुलांच्या देखत त्या ओळीने मांडल्या.

अध्यक्षांनी आवाज खाली आणून मनीषाला विचारलं, "मॅडम, घरी कोणी घेतं का?"

तिने तोंड उघडायच्या आत मी उठले. "घरात कोणी शिवत नाय साहेब. ह्या मी ट्रान्सफॉर्मरमागून आणल्या."

"तुम्ही तिथे जाता?"

"या आठवड्यात रोज."

मागे कोणीतरी मोठ्याने हसलं. मुख्याध्यापिकाबाईंनी वेळ निभावून न्यायला पोत्यात हात घातला आणि ओला लगदा बाहेर काढला. वरचा कागद सोडवून मोठ्याने वाचू लागल्या. त्यांना थांबायला हवं होतं. "कमीत कमी कचरा करणारे घर, तेच आदर्श घर. नियम पहिला: दुसऱ्याच्या घरचा कचरा आणू नये. नियम दुसरा: कागद भिजवू नये..." तो मनीषाने लिहिलेला, आईबापांना वाटून उरलेला नियमांचा कागद होता. अख्खा गठ्ठा.

तेव्हा मला कार्यक्रम कळला. मी खाली बसले.

आदर्श घराची पाटी पाव किलोवाल्यांना मिळाली. अध्यक्ष जाताना म्हणाले, "मॅडमच्या सहीचं पुढच्या वर्षी बघू."

शाळेने पोतं ठेवून घेतलं नाही. परतीच्या रिक्षात एका बाजूला मनीषा, एका बाजूला मी, मध्ये पोतं आणि पोत्यावर ईश्वरी. मनीषा रडली असती तर बरं वाटलं असतं. शिव्या दिल्या असत्या तर आणखी बरं. ती रस्ताभर बाहेर बघत राहिली. ईश्वरीने तेवढं विचारलं, "आज्जी, बक्षीस कधी देणार?"

सोमवारी घंटागाडीवाला म्हणाला, "मावशी, असं नाय घेत आम्ही. वेगळं करून द्या." मी तीन दिवस गच्चीवर उन्हात बसून खोकी एकीकडे, बाटल्या एकीकडे केल्या. दाराआडची ती पिशवी वाण्याकडे नेऊन काट्यावर ठेवली. शंभर ग्रॅमसुद्धा भरली नाही. वाण्याने पुन्हा ठेवायला लावली, तरी नाही.

मनीषा माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नळ आला तेव्हा बोलली. "आई, पाणी आलंय," एवढंच. अजून ती कच्चीच आहे आणि तिच्या टेबलाखालचे कागद आता कुलपात असतात.

पोत्यातला सगळा माल गेला. धड उरल्या त्या दोघीच, वीट आणि मी. वीट गच्चीच्या दाराला लावली, आता वाऱ्याने दार आपटत नाही. माझं काय करायचं, ते घरात अजून ठरलेलं नाही.