कोपरा दाखवून घेतलेलं मशीन

आमच्या घरात गोधड्या नवरा शिवायचा. मला सुईदोऱ्याची मुळीच आवड नाही. मी सरकारी दवाखान्यात नर्स आणि हे साखर कारखान्यात हंगामी कामगार. ऊस संपला की कारखाना बंद, आणि माणूस घरी. बाकीचे हंगामी लोक ते महिने पाटसच्या स्टँडजवळ पत्ते खेळून काढायचे. हे गावी जाऊन आईजवळ बसायचे.

सासूबाई घोडनदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडच्या वस्तीवर थोरल्या दिरांकडे राहायच्या. शेवटी शेवटी त्या अंथरुणालाच खिळल्या. हात चालत नव्हते, तोंड चालत होतं. त्या पडल्या पडल्या सांगायच्या आणि हे शिवायचे. जुन्या लुगड्यांचे थर कसे अंथरायचे, कडेपासून सुरुवात करून चौकोनात फिरत फिरत मध्यावर कसं यायचं, टाका तांदळाच्या दाण्याएवढाच का ठेवायचा. चुकलं की त्या काठीनं ढोसायच्या.

"उसव. बैल मुतल्यावानी गेलंय."

हे मुकाट्यानं उसवायचे.

सासूबाई गेल्या तरी यांचं शिवणं थांबलं नाही. थोरल्या जाऊबाईंना त्याची फार गंमत वाटायची. आम्ही दौंडहून गेलो की त्या दारातूनच सुरू व्हायच्या.

"काय भावजी, बांगड्या कवा भरायच्या?"

"वहिनी, औंदाच्या थंडीत तुमची गोधडी राहिली बगा."

"आगं बया! चेष्टाबी करू न्हाई का मान्सानं?"

गोधडी त्यांना मिळायचीच. दौंडातल्या आमच्या आळीत, शिरूरला नात्यात, दवाखान्यातल्या बायकांकडे, सगळीकडे यांच्या गोधड्या गेल्या. लोक जुनी लुगडी, धोतरं, शाळेचे गणवेश गाठोड्यात बांधून आणून द्यायचे. हे सगळं घ्यायचे. फक्त स्वतःच्या आईची लुगडी काढायचे नाहीत. ती ट्रंकेत होती, डांबरगोळ्या घालून. त्यांतलं एक पांढरं, सासूबाई पौर्णिमेला विहारात जाताना नेसायच्या ते. मी एकदोनदा म्हटलं, कसर लागेल, शिवून टाका.

"हात आजून बसायचा हाय," ते म्हणायचे. "बसला की आईची शिवीन."

मग उजवा हात थरथरायला लागला.

आधी मला दिसलं. सुईत दोरा ओवताना दोरा नेढ्याभोवती नाचत होता. मी चहाचा कप हातात दिला आणि बशी वाजते का ते ऐकलं. वाजली. दुसऱ्या आठवड्यात पुण्याला नेलं. डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली आणि कंपवात म्हणून सांगितलं. गोळ्या आयुष्यभर. यांनी एकच विचारलं.

"शिवता यील का?"

"शिवा की," डॉक्टर म्हणाले. "होतंय तोवर शिवा."

घरी आल्यावर त्यांनी ट्रंक उघडली.

आमची मुलगी तेव्हा पहिलटकरीण होती. बाळाला पणजीच्या लुगड्यांची गोधडी द्यायची असं यांनी ठरवलं. थर बाहेरच्या खोलीत अंथरले, पांढरं लुगडं सगळ्यात वर. आम्ही स्वयंपाकघरात झोपायला लागलो. कडेला नव्या मांजरपाटाची पट्टी लावून झाली, पहिला फेरा सुरू झाला, आणि तिथंच गाडी अडली. तांदळाच्या दाण्याचा टाका खारकेएवढा व्हायला लागला. कुठं दोरा सैल, कुठं कापड चुरगळलेलं. आज शिवलेलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी उसवायचे आणि पुन्हा शिवायचे. मी ड्यूटीवरून आले की बघायची, सुई काल होती तिथंच. त्यांचं वजन उतरायला लागलं. बोलणं आधीच कमी, ते आणखी कमी झालं. त्या गोधडीखेरीज त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं, आणि ती पुढं सरकत नव्हती.

मी ठरवलं, मशीन घ्यायचं. हात थरथरतो, पाय धड आहेत. पैसे माझ्या पगारातले, तो प्रश्न नव्हता. त्यांना विचारलं असतं तर नको म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही.

दवाखान्याच्या कामानं शिरूरला गेले होते तेव्हा आधी तिथल्या दुकानात शिरले. दुकानदारानं चकचकीत घरगुती मशीन पुढं केलं.

"मॅडम, ब्लाउज, परकर, फॉल. तुम्हाला एकदम बेस्ट."

"गोधड्या शिवायच्यात. आणि मला नाही, आमच्या मालकांना."

"मालक शिवतात?"

"शिवतात."

"मग तुम्ही काय करता?"

"इंजेक्शनं देते. देऊ का?"

तो हसला आणि विजेवर चालणारं दुसरं एक मशीन काढलं. आमच्याकडे तेव्हा भारनियमनानं दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. म्हटलं, विजेवर चालणारं घेऊन त्यावर रेडिओ ठेवू का? तिथून बाहेर पडले.

घरी येऊन विचार केला. नुसतं तोंडी सांगून उपयोग नाही, दुकानदाराला जाडी दाखवली पाहिजे. मोरीजवळ टाकलेली एक जुनी गोधडी होती. तिचा एक कोपरा कात्रीनं कापला, पिशवीत घातला आणि दौंडच्या बाजारात गेले. तिथं जीपच्या सीटा आणि ताडपत्र्या शिवणाऱ्यांना मशिनं विकणारा एक दुकानदार होता. त्यानं कोपरा हातात घेऊन वजन केल्यासारखा हलवला.

"ताई, ह्याला घरगुती नाही चालायचं. सुई मोडत बसाल." त्यानं कोपऱ्यातलं एक काळं, बोजड पायमशीन दाखवलं. "हे चामडं शिवतं. गोधडी म्हणजे ह्याचा नाश्ता."

"शिवून दाखवा."

त्यानं कोपरा सुईखाली सरकवला आणि पाय मारला. खडखड करत टाका पार गेला. मी उलटून पाहिलं, दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, पुन्हा एकदा शिवायला लावलं. एकही टाका चुकला नाही. लशीची पेटी ताब्यात घेताना तपासते तेवढं मी ते मशीन तपासलं आणि मग घेतलं.

टेंपोतून मशीन उतरलं तेव्हा हे ओट्यावर बसले होते.

"कुनाचं?"

"तुमचं."

आम्ही एकमेकांना कधी काही भेट दिलेली नव्हती. बाजारातून येताना भजी आणणं, एवढंच. त्यामुळे अशा वेळी काय म्हणायचं असतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. ते मशीनभोवती एक चक्कर मारून आले, चाकावरून पंचा फिरवला आणि म्हणाले, "तेलाची बुदली कुटं हाय?"

त्या संध्याकाळी ते जेवताना दोनदा बोलले. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी घरीच होते. त्यांनी आईची गोधडी उचलून मशीनवर घेतली आणि कडेनं पहिला फेरा घातला. सरळ, एकसारखा. हात थरथरत होता, पण दोन्ही तळवे कापडावर दाबून धरले की थरथर कापडात जिरत होती. दुसरा फेरा झाला. तिसऱ्याला कोपऱ्यावर वळताना गोधडी अडकली. मशीनच्या कमानीत जेमतेम वीतभर जागा. कडेचं कापड तिच्यातून जात होतं, पण आत आत फिरायचं तर निम्मी गोधडी त्या वीतभर जागेत कोंबावी लागणार होती. त्यांनी ओढलं, मी ढकललं. मग ते थांबले.

"तू दुकानात काय नेलं हुतंस?"

"कोपरा."

"कोपरा." ते हसले. आजारपण निघाल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. "आगं, गोधडीला मधी पोट आस्तंय. आता मशीनीला म्हनावं, तोंड मोठं कर."

मी सुचवलं, फेरे सोडा, गोधडी गुंडाळी करून आत घालू आणि उभ्या सरळ ओळी शिवू. आईची रीत सोडायला ते तयार नव्हते. शेवटी म्हणाले, धर गुंडाळी. मी समोर उभी राहून गुंडाळी धरली. ते पाय मारत होते, मी ओढून घेत होते. कंबर मोडली. दर ओळीनंतर ते "सावकाश" म्हणायचे आणि मी "तुम्हीच सावकाश" म्हणायची. पण अंधार पडेपर्यंत निम्म्याहून जास्त झाली होती. ते आपणहून म्हणाले, पुढच्या रविवारी संपल. मुलगी बाळंतपणाला यायच्या आत.

सकाळी त्यांनी ती उन्हात घालायला उचलली. दोन टोकं धरून झटकली, आणि टर्र असा आवाज आला. मी आतून धावले. पांढरं लुगडं शिवणीवरून फाटलं होतं, एका सरळ रेघेत, पोस्टाची तिकिटं सुटी होतात तसं. त्यांनी दुसऱ्या ओळीवर नुसतं बोट दाबलं, तीही सुटली. सुई चामड्याची, जाड. तिनं एकमेकांना लागून पाडलेली भोकं त्या विरलेल्या सुताला झेपली नव्हती. हातानं घातलेला टाका सुती धाग्यांच्या मधून वाट काढत जातो. मशीनची सुई धागा तोडून जाते.

तेव्हा मला कोपऱ्याचं कळलं. गोधडीच्या कोपऱ्यात दोन बाजूंच्या पट्ट्या दुमडून एकत्र येतात. सगळ्यात जाड आणि सगळ्यात धड कापड तिथंच असतं. मी गोधडीची सगळ्यात मजबूत जागा कापून नेली होती आणि तिच्यावरून मशीन पसंत केलं होतं.

मीच म्हटलं, "वरून नवं मांजरपाट घालू. दोन्ही बाजूंनी. मग फाटणार नाही."

"मंग आई दिसनार न्हाई."

"आत असतील की."

"आत काय, ट्रंकंत बी हुत्याच." जरा वेळानं त्यांना वाटलं असावं की मला लागलं. म्हणाले, "मशीन चांगलं हाय. कापाड जुनं हाय."

ते आठवडाभर मशीनचे टाके उसवत बसले. टाके निघाले, भोकं राहिली. मग पुन्हा हातानं सुरुवात केली. कडेचे दोन फेरे त्यांनी पुरे केले, वेडेवाकडे, आणि या वेळी उसवले नाहीत. तिसऱ्या फेऱ्यात सुई बोटांतून सारखी निसटायला लागली. एका दुपारी मी घरी आले तर गोधडी घडी करून ट्रंकेवर ठेवलेली होती आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मी सुई कुठं पडली ते जमिनीवर शोधलं. ती डब्यात ठेवलेली होती, दोरा काढून, नीट.

मुलगी आली, बाळंत झाली, नात झाली. नातीला मी शिरूरहून दुकानातली दुपटी आणली. यांनी बाळाला मांडीवर घेतलं, हात थरथरला म्हणून लगेच माझ्याकडे दिलं. गोधडीचं कुणी विचारलं नाही. मुलीला मी आधीच सांगून ठेवलं होतं.

मशीन विकावं असं माझ्या मनात होतं. जीपच्या सीटा शिवणारा एकजण घ्यायलाही तयार होता. पण एका संध्याकाळी खडखड ऐकू आली. बाहेर येऊन बघितलं तर हे मशीनवर बसले होते. सुई काढून ठेवलेली, दोरा नाही, कापड नाही. दोन्ही तळवे रिकाम्या फळीवर दाबून धरलेले आणि पाय चालू. मी कुकर लावायला आत गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. आता रोज दिवेलागणीला ते तासभर पाय मारतात.

जाऊबाई मध्ये दौंडला डोळे तपासायला आल्या होत्या, तेव्हा आमच्याकडे राहिल्या. त्यांना आता कमी दिसतं. स्वयंपाकघरात पडल्या पडल्या त्यांनी मशीनचा आवाज ऐकला.

"भावजी, आत्तींच्या लुगड्यांची झाली का गोधडी? कवा दावनार?"

"हुतीय, वहिनी," हे बाहेरून म्हणाले. पाय थांबला नाही.

"बिगी बिगी करा. मी काय लई दिस न्हाई आता."

"हुतीय."

जाऊबाईंनी माझ्याकडे तोंड वळवलं. मी त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले आणि मिटून पडून राहा म्हणून सांगितलं. मशीन रिकामं चाललं तरी त्याला तेल लागतं. ते दर रविवारी मी घालते.