हात बोंबलांत, कान फोनला

माझी मुलगी एका वेळी एकच काम कधी करत नाही, ही तक्रार मी तिच्या लहानपणापासून ऐकत आले. शाळेतल्या बाई म्हणायच्या, शेजारणी म्हणायच्या आणि खरं सांगू, सगळ्यांत जास्त मीच म्हणायचे. "लक्ष कुठंय तुझं?" ऐकतच ती मोठी झाली.

तारापूरच्या एका कारखान्यातल्या लॅबमध्ये तिने अर्ज केला होता. मुलाखत फोनवर होती. पोरीला नोकरी हवीच होती, मला तिच्याहून जास्त. आणि नेमकी त्याच सकाळी आमची होडी बोंबलांनी भरून चिंचणीच्या किनाऱ्याला लागली. बोंबील म्हणजे पाणीच सगळं, उशीर केला की लिबलिबीत होतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरावर टाकायची, वाळत.

"घरात जा, नीट बसून बोल," मी म्हटलं.

"मग हे कोण टांगणार? बाबा?"

तिचा बाप बाजूलाच जाळं साफ करत होता. त्याने ऐकलं नाही असं दाखवलं. ती कानात वायर घालून दोराशी उभी राहिली.

फोन आला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, हिची उत्तरं तेवढी येत होती, अर्धी हिंदीत, अर्धी इंग्रजीत. हात थांबले नाहीत. मध्येच मराठीत म्हणाली, "आवाज येतोय ना सर, किनाऱ्यावर आहे. हात कामात आहेत, पण ऐकतेय मी."

मेले मी, म्हटलं, गेली नोकरी. तेवढ्यात माझ्याच जोड्या पटापट वाळूत पडायला लागल्या. जबडे नीट न अडकवताच टाकत होते मी. माझं सगळं मन तिच्या फोनात, हातांकडे काही उरलंच नव्हतं. तिने बोलता बोलता माझे बोंबील उचलले, बादलीत बुचकळले, पुन्हा अडकवून टांगले. उत्तर कुठं तुटलं नाही.

मग ती हसली. "थँक्यू सर. उद्या नाही जमणार, सोमवारी येते. आईचा माल वाळायचाय."

मी डोळे मोठे केले. तिने पाठ फिरवली. पलीकडून 'ठीक आहे' आलं असावं, कारण सोमवारी ती कामावर गेली.

नोकरीचा आनंद झालाच. पण साहेबाला थांबवणारी पोरगी माझी आहे, याचा ताठा मला आजही आहे, आणि तो मी कुणासाठी कमी करणार नाही.