रविवारची दोन पातेली

साखर मला निघाली आणि डॉक्टर बोलत होते माझ्या नवऱ्याशी. विश्रामबागेतल्या त्या दवाखान्यात टेबलावर रिपोर्ट होता, त्यावर माझं नाव होतं, रक्त माझ्या दंडातून काढलेलं होतं. तरी डॉक्टर नवऱ्याकडे बघून म्हणाले, "आता वहिनींना मैदा, साखर, भात, सगळं जपून द्यायचं." द्यायचं! जसं काही मी दावणीला बांधलेली होते आणि माझी वैरण बदलायची होती. नवऱ्यानं मान हलवली. "सांगतो की तिला," म्हणाला. मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

तेव्हा मला एकोणपन्नासावं चालू होतं. एका कॉलेजच्या ऑफिसात मी प्रवेश आणि दाखल्यांचं काम बघते. नवरा फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेला, पलूसला ऊस आहे, तिथं रोज मोटरसायकलवरून जाऊन येतो. मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सासूबाई फार पूर्वीच गेल्या, मामंजी म्हणजे माझे सासरे चार वर्षांपूर्वी. असं आमचं तिघांचं घर.

दवाखान्यातून निघालो, तर रस्त्यात त्यानं एकच प्रश्न विचारला. "मग रविवारचा पास्ता बंद का काय आता?"

हा पास्ता घरात मी आणला होता. मी मूळची सातारची. लग्नाआधी दोन वर्षं पाचगणीला एका निवासी शाळेत क्लार्क होते. तिथल्या मेसमध्ये बुधवारी मुलांना पास्ता असायचा, आणि ऑफिसवाल्यांनाही त्यातलाच मिळायचा. थंडीत, धुक्यात, हात गारठलेले असताना ती गरम थाळी पुढे आली की मी कुणाशी बोलायची नाही. मेसच्या आचाऱ्याकडून तो करायला शिकले. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा घरात कुणी तोंड लावेना. मग मी कांदा-लसूण मसाला घालायला लागले, आणि हळूहळू सगळ्यांना चटक लागली. बाकी स्वयंपाक मी सासूबाईंच्या हाताखाली शिकलेला, त्यांच्या चवीचा. पास्ता तेवढा माझा. रविवारी दुपारी मी तो पोटभर, हावरटासारखा खायची. ते बंद म्हणजे काय बंद, हे त्या मोटरसायकलवर मागे बसून मी कुणाला सांगणार होते?

मी म्हटलं, "बंद नाही. गव्हाचा मिळतो. तो आणते."

आणला. कॉलनीजवळच्या दुकानात तपकिरी रंगाचं पाकीट होतं, वर गव्हाच्या लोंब्यांचं चित्र, मोठ्या अक्षरात 'गव्हाचा'. मी खूश होऊन घरी आले. चष्मा लावून मागचा बारीक मजकूर वाचला, तर सगळ्यात आधी मैदा, मग रवा, आणि गव्हाचं पीठ तिसऱ्या नंबरवर. तपकिरी रंग वरून घातलेला! मी तशीच चप्पल घालून दुकानात परत गेले.

"काका, हे काय आहे?"

"गव्हाचा पास्ता, ताई."

"मागं वाचा."

त्यांनी पाकीट लांब धरलं, जवळ धरलं, आणि म्हणाले, "मैदापण गव्हाचाच असतोय की, ताई."

माणूस सरळ होता, उलट बोलला नाही, पाकीट बदलून दिलं. पण माझं डोकं रस्ताभर तापलेलं. दुखणं असलेल्या माणसाच्या गरजेवर कुणीतरी गव्हाची लोंबी छापतो आणि आपण विश्वास ठेवून ते पोटात घालतो. दुसरं पाकीट मी दुकानातच उभी राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. त्यात एकच जिन्नस होता, अख्ख्या गव्हाचं पीठ.

पहिल्या रविवारी मी तो नेहमीच्या अंदाजानं शिजवला. बाहेरून मऊ, आत कच्चा. परत उकळला, तर लगदा झाला. जिभेवर कोंड्याचा कडवट खरखरीतपणा. नवऱ्यानं एक घास घेतला, गिळला, आणि ताट सरकवलं. "आमच्यासाठी आपला पयलाच कर," म्हणाला. मुलीनंही ताट सरकवलं. "सॉरी मम्मी, हे पुठ्ठ्यासारखं लागतंय."

पुढच्या रविवारपासून गॅसवर दोन पातेली चढायला लागली. एकात त्यांचा पांढरा, एकात माझा तपकिरी. रस्सा मात्र एकाच कढईत, दोन्हीला पुरेल असा.

दोन पातेली म्हणजे दोनदा पाणी तापवणं, दोन्हींची वेळ सांभाळणं, दोन चाळण्या धुणं. आठवड्यातला माझा एकुलता एक सुट्टीचा दिवस. पण खरा त्रास तो नव्हता. मामंजींना साखर निघाली तेव्हाचं मला आठवायला लागलं होतं. नवरा तेव्हा सीमेवर होता. तिथून फोनवर हुकूम आला, आजपासून घरात साखरेचा डबा दिसता कामा नये. आणि नाहीच दिसला, नऊ वर्षं. सगळ्यांनी बिनसाखरेचा चहा प्यायला. होळीला पुरण शिजवलं नाही, वासानं त्यांचं मन जाईल म्हणून. मुलीचा आठवा वाढदिवस आला तेव्हा केक शेजाऱ्यांच्या घरी जाऊन कापला, तोंड पुसून, हात धुऊन घरी आलो. मामंजी चांगले होते, त्यांच्यासाठी केलं त्याचं मला वाईट वाटत नाही. आणि आता माझ्या वेळेला एका दुपारचा पास्ता कुणाला बदलता येत नव्हता.

दोन-अडीच महिन्यांत तो करण्याची युक्ती मात्र मला सापडली. पाणी भरपूर घ्यायचं, मीठ सढळ हातानं टाकायचं, आणि दाताखाली जरासा लागत असतानाच उतरवायचा. रस्सा पातळ चालत नाही. टोमॅटो चांगला आटवायचा, लसूण जास्त, पास्ता उकळलेलं पाणी थोडं राखून रश्शात घालायचं आणि शेवटी त्यातच परतायचा. मग तो कडवटपणा भाजलेल्या पोळीसारखा खमंग लागतो. एका रविवारी मला तो पांढऱ्यापेक्षा आवडला. मी हे सांगितलं, तर दोघांनीही मोबाइलमधून मान वर केली नाही.

मे महिन्यात साताऱ्याहून नणंद आली. ती नवऱ्यापेक्षा मोठी, मी तिला वन्सं म्हणते. रविवारी त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. गॅसवर दोन्ही पातेली उकळत होती.

"ही दोन पातेली कसली गं?"

मी तोंड उघडायच्या आत बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "एक माणसांचं, एक म्हशीचं!"

वन्सं हसल्या. मुलगी हसली. तोसुद्धा स्वतःच्या विनोदावर मोठ्यानं हसला.

मी दोन्ही गॅस बंद केले आणि बाहेर आले. माझी भाषा ऑफिसातली आहे, पंचवीस वर्षं मी तीच बोलते. त्या दिवशी ती कुठं गेली कुणास ठाऊक.

"मामंजींना साखर व्हती तवा ह्या घरात किती पातेली व्हती?"

"आता ते कुठनं काढलंस?" नवरा म्हणाला.

"किती व्हती? सांगा की."

"एकच होतं," मुलगी खाली बघत म्हणाली.

"आबांची गोष्ट येगळी हाय गं," नवरा म्हणाला.

"काय वेगळी? त्यांची साखर काय चांदीच्या वाटीतली व्हती, आणि माझी जर्मलच्या?"

वन्संनी मध्ये पडायचं म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, एवढं चिडायला काय झालं? आणि ती पाकिटं कशाला आणतीस? आई करायची तशा खपली गव्हाच्या शेवया कर की वर्षाच्या. त्यात मैदा न्हाई का काय न्हाई."

त्यांना खरंच मदत करायची होती. पण माझ्या अंगाची लाही झाली. कारण या घरात कुठलाही सल्ला असो, तो फिरून माझ्याच हातांशी येऊन थांबतो.

"गहू कोण भिजवणार, वन्सं? पीठ कोण मळणार? वाळत घालून राखण कोण करणार? मे महिन्यात मी रजा काढू? मला पाकीट फोडायचं आहे. मी कमावते, मी आणते, मला ते पाण्यात टाकून खायचं आहे. यांना साखर निघाली असती तर तुम्ही यांना सांगितलं असतं का, की शेवया कर म्हणून?"

मी आत गेले, दोन्ही पास्ते निथळले. कढईतला सगळा रस्सा माझ्या तपकिरी पास्त्यात ओतला, परतला, ताट भरलं. पांढऱ्याचं पातेलं तसंच कोरडं उचलून टेबलावर ठेवलं. "हे माणसांचं," म्हटलं, "लोणच्याबरोबर खावा." आणि त्यांच्यासमोर बसून माझं ताट संपवलं. पाहुणी घरात असताना. वाईट वाटलं का? त्या दिवशी अजिबात नाही. रात्री थोडं वाटलं, वन्संपुरतं.

वन्सं दुसऱ्या दिवशी सकाळीच गेल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "तब्येतीला जप." नंतर साताऱ्यातून दोघी-तिघींचे फोन आले, काय झालं म्हणून. मी सगळ्यांना काय झालं ते सांगितलं.

पुढच्या रविवारी मी एकच पातेलं चढवलं. नवऱ्यानं येऊन पाहिलं, किल्ली उचलली आणि बाहेर मिसळ खाऊन आला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्याही. जो माणूस वीस वर्षं फौजेच्या लंगरमध्ये सगळ्यांसारखं एक ताट घेऊन बसला, कधी कुरकुर केली नाही, त्याला घरात बायकोच्या ताटातलं चालत नव्हतं. मी विचारलं नाही, थांबवलं नाही. तीन रविवार मी आणि मुलगी. ती तिन्ही वेळा अंड्याची पोळी करून जेवली.

चौथ्या रविवारी ती माझ्यासमोर ताट घेऊन बसली. "मम्मी, पप्पांना शुगर निघाली असती तर तू मला हेच खायला लावलं असतंस ना?"

"हो."

"ओरडून."

"हो."

तिनं कढई जवळ ओढली. "मी त्या दिवशी हसायला नको होतं," म्हणाली. मग वर चीज किसून घेतलं, भरपूर, आणि खाल्लं. मला रडू आलं, त्याचाही राग आला. एवढं एक वाक्य ऐकायला महिना लागावा?

नवऱ्याकडून ते वाक्य आलं नाही. जूनमध्ये आमच्या ऑफिसात प्रवेशाची गर्दी असते, रविवारीही जावं लागतं. अडीच वाजता भुकेनं आणि साखर कमी होईल या भीतीनं कसनुशी होऊन मी घरी आले, तर तो गॅससमोर उभा. हातातल्या घड्याळाकडे बघत होता. पाकीट उघडं, पातेलं एक.

"बारा मिनटं लिवलंय," म्हणाला. "बघ, झालाय का."

झाला होता. मीठ लय पडलं होतं. आम्ही तिघांनी तो खाल्ला. "चावाय जरा जास्त लागतंय," तो म्हणाला, "पण बरं हाय." झालं. माफी म्हणून जे काही त्याच्याजवळ होतं, ते त्या पातेल्यात होतं, हे मला कळलं. कळलं म्हणून राग गेला असं नाही. शिजवलेलं पोटात जातं, बोललेलं कानात राहतं.

आता दीड वर्ष झालं. घरात एकच पातेलं आहे. साखर बरीच ताब्यात आली आहे. परवा पलूसला भावकीत बारसं होतं. पंगतीत नवऱ्याचा चुलतभाऊ मला ऐकू जाईल असं म्हणाला, "वैनी, नशीबवान हाय तुमी. तुमच्यापायी ह्या गड्यानं पांढरा पास्तासुदिक सोडला." आजूबाजूच्या बायकांनी कौतुकानं माना डोलावल्या. नवरा पानावर खाली बघत होता, पण गालात हसत होता.

मी म्हटलं, "भावजी, करायचा मी सोडला. ह्यांनी फक्त पुढ्यात आलं ते खाल्लं."

वाढपी जिलबी घेऊन आला. मी पानावर हात आडवा धरला.