गुणाबाईच्या दहा पोरी

बोरटोल्यात गुणाबाईच्या हातावर न आलेलं माणूस शोधायचं, तर तिशीच्या पुढचं शोधावं लागे. चांदा जिल्ह्यातल्या सावली गावापासून दोन कोसांवर, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेलं हे गाव. सुईणपण तिला सासूकडून आलं होतं. नवरा लवकर गेला, स्वतःचं मूल झालं नाही. पण गावातलं कोणतं पोर कोणत्या महिन्यात, कोणत्या वारी, सरळ आलं की पायाळू, हे तिला तोंडपाठ. अक्षर एकही येत नव्हतं. लग्न जुळवताना लोक वय विचारायला तिच्याच ओट्यावर येत.

एकोणीसशे पंचावन्नच्या दिवाळीनंतर त्याच ओट्यावर भैयाजी मास्तर आले. शाळेचे मास्तर, अंगाने काडी, उत्साहाने पेटती चूल. त्यांच्या हातात सरकारी कागद होता.

"गुणाबाई, पोरींचे खो-खोचे सामने आहेत. तहसिलीत जिंकलं की चांद्याले, चांद्यात जिंकलं की नागपूरले. अन् नागपूर जिंकलं, तर साऱ्या प्रांताच्या नावानं हैदराबादेले, देशभरच्या पोरींसंग."

"मंग खेळवा ना. माह्यापाशी काऊन आले?"

मास्तरांनी अटी सांगितल्या. मैदानात नऊ मुली लागतात. सगळ्या सोळा वर्षांच्या आत हव्यात आणि त्याचा लेखी पुरावा हवा. शिवाय बरोबर एक जाणती बाई हवी. वरच्या वर्गांत मुली होत्या दहा, म्हणजे एक शिल्लक राहत होती. पण त्यांच्या आयांनी एकमुखानं सांगितलं होतं की गुणाबाई जाईल तर पोरी जातील.

"गावात तिघी दिवसांत हायेत," गुणाबाई म्हणाली.

"कधी मोकळ्या होतील?"

तिने बोटांवर मोजून हिशेब केला. "एक या आठवड्यात. दुसऱ्या दोघी संक्रांतीच्या पुढं." मग तिनेच विचारलं, "नागपूर म्हणजे आगगाडीनं जावं लागते ना?"

मास्तर हो म्हणाले आणि गुणाबाई तयार झाली.

लेखी पुरावा म्हणजे कोतवालाची जन्ममृत्यूची वही. कोतवाल लटारू म्हाताऱ्यालाही वाचता येत नव्हतं; गावात कोणी जन्मलं-मेलं की तो ठाण्यावर जाऊन नोंद लिहवून आणी. पण वही दुसऱ्याच्या हातात देणं त्याला जिवावर येई. मास्तर म्हणाले, नक्कल करून देतो. लटारू म्हणाला, "नक्कल नाई. वही जाईन तिथी मी जाईन." असा तोही निघाला, लाल फडक्यात वही बांधून, काखेत घट्ट धरून.

सराव गावातल्या देवाजीच्या खळ्यावर झाला. धानाची मळणी उरकली होती, सारवलेली जमीन टणक होती, दोन टोकांना बैल बांधायच्या मेढी होत्या. त्यांचेच खांब झाले. देवाजीची लेक मंगली सगळ्यांत उंच, ताडासारखी. ती पळू लागली की पाठलागावरची मुलगी तीन पावलांत मागे पडे. गुणाबाई कडेला बसून बघत असे. दुसऱ्या दिवशी तिला खेळ कळला आणि तिसऱ्या दिवशी ती बोलू लागली. बाळंतिणीला ज्या आवाजात सांगे, त्याच आवाजात: "दम धर. घाई नोको करू. दम धर... आता."

तहसिलीच्या सामन्याला दुसरा एकच संघ येणार होता. त्यांच्या बैलबंडीचा आस वाटेत मोडला. दुपारपर्यंत वाट पाहून पंचांनी बोरटोला जिंकला असं लिहून दिलं. पोरींनी एक पाऊलही न धावता एवढा जल्लोष केला की पंच घाबरून खुर्चीवरून उठले.

चांद्याला मात्र खरं खेळावं लागलं. शहराच्या मुली पांढऱ्या पोशाखात होत्या. बोरटोल्याच्या पोरींनी आयांची लुगडी फाडून शिवलेल्या चड्ड्या घातल्या होत्या, दहा रंगांच्या. पहिल्या डावात त्या बावचळल्या. मग कडेवरून गुणाबाईचा आवाज आला, "दम धर," आणि पाठलागावरची इंदू थांबली, समोरच्या मुलीने हूल दिली, ती फसली नाही. "आता." इंदूने खो दिला, मंगली उठली आणि गडी बाद. दोन दिवसांत तीन संघ असेच गेले. हरलेल्या चौथ्या संघाच्या बाईंनी तक्रार केली की ही म्हातारी मंत्र टाकते.

नागपूरच्या गाडीत पोरी रात्रभर खिडकीसाठी भांडल्या. गुणाबाई सगळ्यांत जास्त भांडली.

नागपुरात पहिले दोन सामने त्यांनी जिंकले. शेवटच्या सामन्याच्या सकाळी पंचांच्या तंबूतून बोलावणं आलं. समोरच्या संघाच्या गुरुजींनी हरकत घेतली होती: ही उंच मुलगी सोळाच्या आतली असूच शकत नाही. टेबलामागे चष्मा लावलेले अधिकारी बसले होते. त्यांनी वही मागितली. लटारूने ती फडक्यातून सोडली, पण एक हात वहीवर ठेवूनच उभा राहिला. अधिकाऱ्यांनी पानं उलटली आणि त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"मंगली, बाप देवाजी. जन्म एकोणीसशे छत्तीस. म्हणजे एकोणीस वर्षं."

भैयाजी मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. एक खेळाडू खोटी ठरली की सगळा संघ बाद, हा नियम त्यांना पाठ होता. बाहेर पोरी एकमेकींच्या वेण्या घालत हसत होत्या.

गुणाबाई पुढे झाली. "ते मंगली ही नाई साहेब. ते हिची बहीण होय."

"दोघींचं नाव एकच?"

"दोघी मंगळवारच्या. पयली तीन वर्षांची होऊन देवीच्या साथीत गेली. मीच तिले आंघोळ घातली होती. मंग वर्षाच्या आत ही झाली, तर मायनं तेच नाव ठेवलं." तिने वहीकडे बोट केलं. "वहीत असंन. साथीच्या साली, दसऱ्याच्या मागं चार दिवसांनी. पाहा."

अधिकाऱ्यांनी एकोणचाळीस साल काढलं. पान सापडलं. मंगली, बाप देवाजी, वय तीन, मृत्यू.

"ठीक. पण या दुसरीचा जन्म? मंगली नाव पुन्हा कुठे दिसत नाही."

"नाव नाई भेटणार साहेब. पयलीची नोंद बारसं झाल्यावर झाली, हिची बारशाच्या आंधीच झाली. मार्कंड्याची शिवरातीची जत्रा सरली, त्याच्या दुसऱ्या मंगळवारी पाहा. देवाजीची मुलगी असं असंन. अन् त्याच दिवशी मुखरूच्या घरी मुलगा झाला. एका घरातून दुसऱ्या घरात पळता पळता माही चप्पल नाल्यात गेली."

बोट खाली सरकत गेलं. चाळीस साल, मार्च महिना. देवाजी, मुलगी. तिच्याच खाली मुखरू, मुलगा. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून गुणाबाईकडे पाहिलं.

"चप्पल सापडली का?" त्यांनी विचारलं.

"नाई ना," ती म्हणाली.

तंबूत सगळे हसले. हरकत घेणारे गुरुजीसुद्धा हसले. पंधरा वर्षं नऊ महिने, असं अधिकाऱ्यांनी लिहिलं आणि शिक्का मारला. लटारूने शिक्क्याची शाई वाळेपर्यंत वहीवर फुंकर घातली.

सामना दुपारी झाला. शेवटच्या डावात बोरटोल्याला जिंकायला एक गडी हवा होता आणि वेळ उरला होता अर्धं मिनिट. पळणारी मुलगी खांबाभोवती भिरभिरत होती. मैदानाच्या कडेवरून येणारा "दम धर" हा आवाज आता एकट्या गुणाबाईचा नव्हता. लटारू ओरडत होता, मास्तर ओरडत होते, आणि दहावी पोर चंदा, जी आजवर एकही सामना खेळली नव्हती, ती रडत रडत ओरडत होती. मंगली खांबाशी आली, थांबली. मुलगी डावीकडे झुकली. "आता," गुणाबाई म्हणाली, आणि मंगलीने लांबलचक अंग झोकून दिलं. बोटांची टोकं तिच्या पाठीला लागली. शिटी वाजली.

त्यानंतर काय झालं ते नीट कोणालाच सांगता येईना. मास्तर एका अनोळखी फौजदाराच्या गळ्यात पडले. पोरींनी गुणाबाईला उचलायचा प्रयत्न केला, ती जड होती, सगळ्या मिळून मातीत पडल्या आणि तशाच हसत राहिल्या.

हैदराबादेला त्या गेल्या. एक सामना जिंकल्या, दुसऱ्यात सपाटून हरल्या, आणि त्या हरण्याचं दुःख संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही, कारण चारमिनार पाहायचा होता. गुणाबाईने तिथे स्वतःसाठी हिरव्या बांगड्या भरायला हात पुढे केला, मग विधवा असल्याचं आठवून मागे घेतला. मंगलीने तो हात धरला आणि कासाराला म्हणाली, "भरा. आमची बाई आहे." गुणाबाईने हात सैल सोडला.

बोरटोल्यात त्या बांगड्यांवरून आठ दिवस कुजबुज झाली. मग संक्रांत सरली, त्या दोघी दिवस भरलेल्या एकाच दुपारी अडल्या, आणि गावाला तिच्या हातांची गरज पडली. दोन्ही घरांत बांगड्यांच्या किणकिणाटातच पोरं झाली, दोन्ही मुली.