बावीस मिनिटांची यादी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

चिकलठाण्याच्या एका पावाच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरचं काम बघतो. कुठल्या गाडीनं कुठल्या दुकानात किती पाव न्यायचे, याची यादी रोज सकाळी आमचा प्रोग्रॅम काढतो. पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेतला, मीच लिहिलेला. चाळीस मिनिटं घ्यायचा! तोवर गाड्या फाटकाशी उभ्या आणि ड्रायव्हर माझ्या खिडकीशी. "साहेब, यादी निघाली का नाय?" शहागंजचे दुकानदार तर फोनवर नुसते पेटलेले असायचे.

माझ्या हाताखाली नसरीन होती. वर्षभर तिचं एकच टुमणं — "सर, पायथनचं नवं व्हर्जन टाकू या ना. लई फास्ट झालंय म्हणं." मी उडवून लावायचो. चाललंय ते चालू दे, म्हणायचो. खरं सांगू? भीती वाटायची. काही बिघडलं आणि मला दुरुस्त करता आलं नाही, तर?

बहिणीच्या निकाहसाठी ती आठ दिवस पैठणला गेली. आणि मी — हो, तेव्हाच — नवं व्हर्जन टाकून पाहिलं. फसलं असतं तर बघायला ती नव्हती ना!

बावीस मिनिटं! एक ओळ बदलली नव्हती मी. तोच प्रोग्रॅम, तोच खटारा सर्व्हर, आणि बावीस मिनिटांत यादी हातात! मी खुर्चीतून उठून ओरडलोच. शहागंजात पाव गरम पोचले. "मानलं साहेब तुम्हाला!" ड्रायव्हर म्हणाले. मालकांनी विचारलं, काय केलंत हो? आणि माझ्या तोंडून निघून गेलं — सगळा कोड नव्यानं लिहिला.

शाल, नारळ, टाळ्या. काय सांगू, छाती अशी फुगली होती! आजही तो दिवस आठवला की मस्त वाटतं. हेही कबूलच करून टाकतो.

नसरीन परतली. "सर, कुठं काय बदललं? मला शिकवा ना." आता आली का पंचाईत! मग मी बसून प्रोग्रॅममध्ये उगाचच फेरफार केले — नावं बदलली, ओळी वरखाली केल्या. आणि दुसऱ्या दिवशी तेच तिला समजावत बसलो. ती वहीत सगळं उतरवून घेत होती, मन लावून. लाज वाटली का? तेव्हा नाही वाटली.

वही मिटताना तिनं हळूच विचारलं, "म्हणजे सर, व्हर्जनचं माझं म्हणणं चुकीचंच होतं ना?"

वर्षभर ती एकटीच बरोबर होती. एवढंच तर सांगायचं होतं — किती सोपं होतं ते!

मी हसलो. "व्हय," म्हणालो, "टाकून बघितलं मी, त्यानं काहीच फरक पडला नाय."

त्यानंतर ती अजून तीन वर्षं माझ्यासोबत होती. तिनं मला पुन्हा कधीच काही सुचवलं नाही.