मोराची मान

मामा आमच्याकडं राहायला येणार असं ठरलं, तेव्हा मी पहिलं काम केलं ते घरभर पसरलेल्या काचा आवरण्याचं.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्यात सुना सासऱ्याला मामाच म्हणतात. वडूजच्या पलीकडच्या माळावर त्यांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. सासूबाई गेल्या, मेंढरं विकली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला आणि ऑपरेशनला ते तयार होईनात, तशी त्यांना गावात एकटं ठेवायची आम्हाला भीती वाटायला लागली. माझे यजमान फौजेत, तेव्हा लांब उत्तरेत. म्हणजे साताऱ्यातल्या त्या भाड्याच्या घरात मामा आणि मी, दोघंच राहणार होतो. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण त्या तीन वर्षांत आमचं बोलणं झालं होतं ते 'पाणी देऊ का' आणि 'बरं हाय' एवढंच.

मी रंगीत काचांच्या खिडक्या करते. सांगलीत माझ्या वडिलांचं फोटोच्या चौकटी करायचं दुकान होतं. काच कापून उरलेल्या पट्ट्या ते मला द्यायचे. तीन पट्ट्यांचा शोभादर्शक करायचा, आत बांगड्यांचे तुकडे टाकायचे आणि डोळ्याला लावून फिरवत बसायचं, हा माझा खेळ. तो नाद पुढं सुटलाच नाही. पुण्यात आठ दिवसांचा एक वर्ग केला, बाकीचं मोबाइलवर बघून बघून शिकले. कागदावर चित्र काढायचं, त्याबरहुकूम काचा कापायच्या, प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी चिकटवायची, तुकडे शेजारी शेजारी मांडायचे आणि सांध्यांवर कथील वितळवून डाग द्यायचा. माझी आई म्हणते, ही गोधडीच की, फक्त पांघरता येत नाही एवढंच.

मामा आले ते एक घोंगडं, एक पिशवी आणि काठी घेऊन. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, "मामा, त्या कोपऱ्यातल्या खोलीत तेवढं येऊ नका. खाली बारीक काचा असतात. पायात जातील."

"बरं," ते म्हणाले.

मग ते त्या खोलीच्या दाराबाहेर घोंगडं टाकून बसायला लागले. सकाळचा चहा झाला की भिंतीला पाठ लावून बसायचे ते जेवणापर्यंत. मी आत काम करायची. दोघांच्या मध्ये उघडं दार. मला अवघडल्यासारखं व्हायचं. काय बोलावं सुचायचं नाही, आणि ते तर मुळातच कमी बोलणारे.

एक दिवस मी एक लांब वळणाचा तुकडा कापत होते. काचेवर कटर फिरवताना करकर असा बारीक आवाज येतो. कटर फिरवून झालं आणि मी काच मोडायला उचलली, तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"ती वाकडी तुटणार बघ."

मी थांबले. "कशावरनं मामा?"

"मधी थांबलीस तू. आवाज तुटला."

मी काच मोडली. खरंच वाकडी तुटली, बरोबर मधोमध.

"लोकर कातरताना असंच असतंय," मामा म्हणाले. "कातरी मधी थांबली की मेंढरू बिचकतंय. एका दमात न्यायची. हळू ने, पर थांबू नगंस."

मी दुसरा तुकडा घेतला. हळू, पण न थांबता कटर नेलं. बाहेरून काही आवाज आला नाही. मोडला तर वळण जसंच्या तसं सुटून आलं. "आता?" मी विचारलं.

"आता बरं झालं," मामा म्हणाले. दाराआड त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण ते हसत असावेत.

त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं. मी कापायची आणि ते ऐकून निकाल द्यायचे. हळूहळू त्यांना मी फोटोच्या कामालाही घेतलं. काचेचं काम करण्याइतकंच त्याचा फोटो काढणं अवघड. खिडकीत टांगायचं, मागं पातळ पांढरा कागद लावायचा, खोलीतला दिवा बंद करायचा, आणि उजेडाची वाट बघत उभं राहायचं. ऊन फार झालं की रंग विटल्यासारखे येतात, ढग आला की काच मरते. गिऱ्हाइकं फोटो बघूनच काम देतात, त्यामुळं हे नीट करावंच लागतं. आमची खोली पूर्वेकडची. मामांना मी दाराशी खुर्ची दिली, जिथं खिडकीतलं ऊन तोंडावर येईल अशी.

"दम धर," ते म्हणायचे. "ढगाची कड लागली आता. थांब. थांब जरा. हां, घे!"

तोंडावरच्या उबेवरून त्यांना ते कळायचं. मी मोबाइल हातात धरून त्यांच्या 'घे'ची वाट बघत असायची. त्या महिन्यातले माझे फोटो आधीच्या सगळ्या फोटोंपेक्षा चांगले आले.

पुढं इस्लामपूरच्या एका बाईंचं काम आलं. उसाच्या पैशावर बांधलेला नवा बंगला, आणि जिन्याच्या उंच खिडकीत त्यांना मोर हवा होता. सगळ्यांना मोरच हवा असतो. पण हा मोर माझ्या आजवरच्या कामात सगळ्यात मोठा होता. मानेसाठी मी मुंबईहून एक निळी काच मागवली. तिच्या अंगावर पाण्यासारख्या लाटा होत्या आणि तिरकं बघितलं की त्यात हिरवं चमकायचं. मी मामांना ती खिडकीपाशी धरून दाखवली. भर उजेडात त्यांना रंग थोडेफार कळायचे.

"ह्ये निळं न्हाई," ते म्हणाले. "मातकट हाय."

"अहो मामा, निळंच आहे. चांगलं गडद निळं."

"मी माळावर मोर बघितलेत गं. पार जवळनं. त्याच्या मानेचा रंग एक नसतोयच. तू इकडं झालीस की निळा, तिकडं झालीस की हिरवा. एकाच तुकड्याची मान कशी व्हईल?"

मला जरा रागच आला. चित्र पक्कं झालं होतं, मान एका अखंड तुकड्याची होणार होती. मी काच परत टेबलावर ठेवली. पण तो विषय त्यांच्या डोक्यातून गेला नसावा.

दोन दिवसांनी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते आणि खोलीतून काच फुटल्याचा आवाज आला. धावत गेले. मामा खिडकीपाशी उभे होते, हात अजून वर धरलेले, आणि पायाशी त्या निळ्या काचेचे तुकडे.

"उजेडात बघत हुतो," ते म्हणाले. "हातातनं सुटली."

मी ओरडले. "सांगून ठेवलं होतं ना खोलीत येऊ नका म्हणून! आता कुठनं आणू मी ही काच?"

मी खाली बसून तुकडे वेचले, त्यांना हाताला धरून बाहेर नेलं, पायात काही गेलं नाही ना ते बघितलं. पण बोलले नाही. जेवतानाही बोलले नाही. दुपारी मी मुंबईच्या दुकानदाराला फोन लावत बसले होते. तासाभरानं उठून बाहेर आले, तर घोंगडं नव्हतं, पिशवी नव्हती, काठी नव्हती.

मी तशीच स्कूटर काढली. स्टँडवर वडूजच्या गाड्या लागतात तिथं गेले. मामा बाकावर बसले होते, घोंगडं मांडीवर. माझ्या जिवात जीव आला आणि लगेच रडूही आलं.

"मामा, असं न सांगता निघायचं?"

त्यांनी आवाजाकडं मान वळवली. "तुझ्यावर राग न्हाई गं पोरी. आंधळ्या मानसाचं काचंच्या घरात काय काम? गावाकडं दगडं हायती. ती फुटत न्हाईत."

"मग गाडी का नाही पकडली अजून?"

त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. मग म्हणाले, "बोर्ड वाचता येईना. तीन गाड्या गेल्या. कुणाला इचारायची लाज वाटली."

मी त्यांच्या शेजारी बसले. समोर एक गाडी आली, माणसं चढली, गाडी गेली. आम्ही दोघंही हललो नाही. ज्या माणसानं दोनशे मेंढरं घेऊन कोकणापर्यंत वाटा तुडवल्या, त्याला एका पाटीपुढं असं बसावं लागलं होतं. आणि मी एका काचेसाठी त्यांच्यावर ओरडले होते.

"माझं चुकलं मामा," मी म्हणाले. "पण तुम्ही ऑपरेशनला का नाही म्हणता? साधं असतं आता ते. सांगलीला माझ्या आईकडं राहू, तिथल्या डॉक्टरांकडं करू."

"तुझी सासू गेली. मेंढरं गेली. बघायचं राह्यलंय काय आता?"

जे तोंडाला आलं ते बोलून गेले. "मला कुठं नीट बघितलंय तुम्ही?"

मामा माझ्याकडं तोंड करून बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांतलं ते दुधाळ पांढरं मला पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसत होतं. शेवटी ते उठले आणि घोंगडं खांद्यावर टाकलं. "चल," म्हणाले. "कर तुला काय करायचं ते."

महिन्याभरात सांगलीला त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, की मोतीबिंदू पिकला की माणूस सगळं पिवळट काचेतून बघितल्यासारखं बघतो, आणि निळा रंग त्याला नीट दिसेनासा होतो. मी मनात म्हटलं, म्हणजे मामा खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच मातकट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मामांनी खिडकीबाहेरचा लिंब बघितला, छताचा पंखा बघितला, माझ्या आईला नमस्कार केला. मला वाटलं, ते माझ्याकडं बघतील, काहीतरी म्हणतील. पण त्यांना संकोच वाटत असावा. सुनेकडं असं टक लावून कसं बघायचं?

त्या संध्याकाळी मी त्यांच्या डोळ्यात थेंब घालायला बसले. एका हातानं पापणी वर धरली, दुसऱ्या हातात बाटली. थेंब पडला. मी हात काढणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं आणि तळहात उजेडाकडं फिरवला.

"ह्ये काय झालंय?"

"काही नाही मामा. जुन्या जखमा आहेत."

"समद्या काचंनं?"

"हो. आणि हा डाग देताना भाजलेला."

त्यांनी दुसरा हातही मागून घेतला. अंगठ्याशेजारचा लांब वण, बोटांच्या टोकांवरचे बारीक चिरे, एकेक बघत राहिले. त्यांची बोटं माझ्याहून खरखरीत होती.

"आन् मी गावात सांगत हुतो," ते हळूच म्हणाले, "की सून लय गुणाची हाय, पर दिवसभर काचांशी खेळत बसती."

त्यांच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. थेंबाचं की कशाचं, मी विचारलं नाही.

चारच दिवसांनी त्यांनी मला गावाकडच्या पुतण्याला फोन करायला लावलं आणि न धुतलेल्या लोकरीचं एक गाठोडं एसटीनं मागवलं. त्याचा वास आईच्या घरभर झाला. "ही हातात धरून चोळायची," मामा म्हणाले. "हिच्यात तेल असतंय. कातरणीच्या दिवसांत आमचं हात लोण्यावानी मऊ व्हायचं." मी रोज चोळायला लागले. आई नाक मुरडायची, पण हात खरंच मऊ पडले.

साताऱ्याला परत आलो तोवर मुंबईची काच आली होती. पण तिचा निळा पहिल्या निळ्याशी जुळेना, एक छटा फिका होता. मी डोकं धरून बसले. मामा आता खोलीत यायचे, पायात चप्पल घालून. त्यांनी जुने तुकडे उचलले, नव्या काचेशेजारी धरले आणि बघत राहिले.

"किती निळं हाय गं ह्ये," ते म्हणाले. "आन् मी याला मातकट म्हनलो."

मग दोन्ही निळे वापरायचे ठरले. मी चित्रातली मान मोडली आणि नऊ तुकड्यांची केली, डोक्याकडं गडद आणि छातीकडं फिकी. तुकडे कुठं आडवे लावायचे आणि कुठं उभे, हे मामांनी सांगितलं. एक तुकडा मी चार वेळा काढून लावला. चौथ्यांदा ते म्हणाले, "हां, आता मान वळली त्याची."

पावसाळ्याआधी भाड्याच्या जीपमधून मोर इस्लामपूरला नेला. मामांनी तो आपल्या घोंगड्यात गुंडाळला होता आणि सगळा रस्ता एक हात त्याच्यावर ठेवून बसले होते. सुतारानं खिडकीत बसवला. बंगल्याच्या बाई खाली उभ्या राहून बघत होत्या.

"छान झालाय," त्या म्हणाल्या. "पण मान जरा काळपट वाटत नाही का?"

मी काही बोलायच्या आत मामा पुढं झाले. "बाई, तुमी चार पायऱ्या वर चढा बघू."

बाई गोंधळल्या, पण चढल्या. चौथ्या पायरीवर वळल्या आणि थांबल्या. तिथून त्या काचेत हिरवं पेटलं होतं.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. मग उतरल्या, परत चढल्या. नंतर त्यांनी आतून घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या आणि एकेकाला जिना चढायला लावला. मी फोटो काढत होते आणि सारखं कुणीतरी मध्ये येत होतं.

त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वाढता वाढता त्यांनी मामांना विचारलं, "आजोबा, ही मुलगी का तुमची?"

मी सांगणार होते, सून म्हणून. पण मामांनी भाकरीचा घास आमटीत बुडवला आणि म्हणाले, "व्हय."

बाईंनी मला आणखी एक भाकरी वाढली. मी मान खाली घालून ती सगळी खाल्ली. परतीच्या वाटेवर मामा कऱ्हाड येईपर्यंत झोपले. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी दिवाळीनंतर स्वतः होऊन करून घेतलं.