चिठ्ठीबाईंचं प्रशिक्षण

कचेरीत त्यांना सगळे चिठ्ठीबाई म्हणत. अर्ज घ्यायच्या खिडकीवर त्यांची बावीस वर्षं गेली होती. अर्ज देणाऱ्याच्या हातावर त्या एक कपटा ठेवत: काम कोणत्या टेबलावर, करणार कोण, परत कधी यायचं. माणूस दहा खेटे घालतो आणि दहाही वेळा आपलंच डोकं खातो, म्हणून सुरू केलेली ही सोय. साहेबांच्या मात्र ते कपटे डोळ्यांत खुपत. कपटा नाचवत आलेल्याला "उद्या या" म्हणणं जड जाई.

अशात कारभार लोकाभिमुख करायला एका परदेशाशी करार झाला. तिकडचं पथक पाहणीला येणार म्हणताच साहेबांनी भिंती रंगवल्या, खिडकीवर टाय बांधलेला कारकून बसवला आणि म्हणाले, "बाई, आजच्या दिवस तुम्ही खाली दप्तरखान्यात बसा. तिथं गार आहे."

पण लोकांना कोण सांगणार? टायवाल्याकडे अर्ज दिला की ते विचारत, "आमच्या बाई कुठायत?" आणि जिना उतरत. ती रांग पाहून पथकाच्या प्रमुख बाईही दुभाष्यासकट मागोमाग उतरल्या. गठ्ठ्यांच्या गराड्यात चिठ्ठीबाई मांडीवर फळी घेऊन लिहीत होत्या.

"ही पद्धत कोणी शिकवली?" दुभाष्याने विचारलं.

"शिकवायचंय काय त्यात?"

दुभाषी बराच वेळ बोलत राहिला. पाहुण्या बाईंनी तीन पानं भरली.

पुढच्या वर्षी साहेब पंधरा दिवस परदेशी जाऊन नवी पद्धत शिकून आले. सक्तीच्या प्रशिक्षणात पडद्यावर पहिलंच चित्र झळकलं ते चिठ्ठीचं. साहेब म्हणाले, "यासाठी मानसिकता बदलावी लागेल. विशेषतः जुन्या लोकांची."

सगळ्यांच्या माना चिठ्ठीबाईंकडे वळल्या. नवऱ्याने बजावलं होतं, "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, तोंडाला कुलूप लाव." पण नव्या चिठ्ठीचा छापील नमुना हातात आला आणि त्यांना राहवेना.

"साहेब, यात काम कोण करणार ते नाही."

"व्यक्तीला नव्हे, व्यवस्थेला महत्त्व द्यायचं, बाई."

"देऊ की. पण ती कोणत्या खुर्चीवर बसते? माणसाला तिथं पाठवायचंय, म्हणून विचारते."

हॉलमध्ये खसखस पिकली. प्रशिक्षण बघायला पुन्हा आलेल्या पाहुण्या बाई मागे बसल्या होत्या; त्या दुभाष्याचं ऐकून उठल्या आणि नमुन्यावर स्वतःच्या पेनाने एक ओळ वाढवली: काम कोण करणार. ती खोडायची कोणाची छाती?

शेवटची सही साहेबांची, त्यामुळे निम्म्या चिठ्ठ्यांवर त्यांचंच नाव आलं. लोक केबिनबाहेर ठाण मांडू लागले. साहेबांची दुपारची डुलकी गेली आणि बरीच कामं मार्गी लागली. अहवालात ते दोन देशांच्या सहकार्याचं यश ठरलं. चिठ्ठीबाईंना प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळालं.

"इतक्या वर्षांनी शिकलीस एकदाची!" नवरा म्हणाला.

त्यांना हसू आलं, थोडं लागलंही. त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ पहिल्याच फेरीत दाखला घेऊन गेले होते आणि जाताना साहेबांना हात जोडून आभार मानून गेले होते.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या, "दाखला मिळाला ना त्यांना."